हातातलं पुस्तक

फोटोची मांडणी कुणाकडून शिकलो म्हणून विचारता? मोहोळच्या राधामावशींकडून.

शुक्रवार पेठेत मी नुकताच स्टुडिओ टाकला होता. मुंबईच्या मुलाला धाडायला मावशी एकट्याच फोटो काढायला आल्या. रिवाजाप्रमाणे मी त्यांना फुलदाणीजवळ बसवलं आणि हातात जाडजूड पुस्तक दिलं. मावशींना अक्षरओळख नव्हती, पण फोटो झकास आला.

दिवाळीनंतर मावशी परत हजर. "शेजाऱ्यानं पत्र वाचून दावलं. पोरगं लिवतंय, आई, तू वाचाया शिकलीस, आता तुझा येळ जाईल. दिवाळीला आलाच न्हाय की! दुसरा काढ. हाय तशी दिसू दे."

मी फुलदाणी हलवली, पुस्तक काढून घेतलं. कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं घालून मावशींना चौकटीत एका कडेला घेतलं आणि बाकीची जागा मोकळी ठेवली.

फोटो बघून मावशींनी तो टेबलावर पालथा ठेवला.

"बरोबर नाही आला का?"

"लई बरोबर आलाय," त्या म्हणाल्या. "म्हणून तर धाडू नगं. पोराच्या घशाखाली घास उतरायचा न्हाय. त्यो पुस्तकाचाच आणिक एक दे."