भिजलेल्या वाद्या

आदरणीय अध्यक्ष डॉ. स्टर्जिस, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो त्या आपल्या कोच पेग डिलवर्थ, ऑक्सली कॉलेजच्या आजी-माजी खेळाडू मुलींनो, पालकहो आणि मित्रहो,

माझ्याआधी चार वक्ते बोलून गेले. सगळेच छान बोलले. तरीही इथे उभी राहताना माझी मान जरा खालीच आहे. कारण व्यासपीठावरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आजच्या समारंभाला यायचं कबूल करताना कोचनी एकच अट घातली होती. म्हणाल्या, "नॅन, गेल्या महिन्यातल्या सामन्याचं कुणी नावही काढायचं नाही. एवढं जमत असेल तर येते." मी चौघांनाही फोन करून बजावलं. चौघेही म्हणाले, "अर्थातच!" आणि चौघांनीही तोच सामना सांगितला. पहिल्यांनी नुसता उल्लेख केला. चौथ्यांच्या तोंडी येईपर्यंत त्यात विजासुद्धा कडाडायला लागल्या.

असो. कोचची सहाय्यक म्हणून मी इतकी वर्षं काढली आहेत, तेव्हा मला सांगण्यासारखं दुसरं पुष्कळ आहे.

कोच खेळायच्या तेव्हा मुली घागऱ्यासारखा स्कर्ट घालून, स्टिकच्या टोकाच्या जाळीदार झोळीत चेंडू झेलत लॅक्रॉस खेळत आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा नसे की तोंडावर जाळी. त्यांचं नाक जरा डावीकडे वळलेलं दिसतं, ते जन्मापासून नाही. चेंडू लागला, रक्त आलं, त्यांनी बाहीला नाक पुसलं आणि गोल केला. आई घरी म्हणाली, "आता तुझ्याशी लग्न कोण करणार?" या म्हणाल्या, "आई, गोल किती झाले ते विचार ना!"

पुढे इथे शिकवायला आल्या. मैदान मागायला गेल्या, तर तेव्हाचे क्रीडाप्रमुख म्हणाले, "खाडीकडचा तुकडा घ्या. पण तिथे रानहंस बसतात, आधी ते हाकला." मग काय, रोज सरावाआधी मुली स्टिका उगारून हंसांमागे धावत. कोच मागून ओरडत, "पळा गं, तेही पळतायत, तुम्हीही पळा!" आमचा वेगवान खेळ वेगवान खेळ म्हणून इतर कॉलेजं ज्याचं कौतुक करतात, तो आम्हाला हंसांनी शिकवला. आणि मैदानावरची हंसांची घाण पहिली कुणी उचलली? कोचनी. कुणाला बोलल्या नाहीत. पण बाई अशी की तिच्या नजरेतून काही सुटत नाही. माशी आपल्याच संघाच्या स्टिकच्या जाळीत बसलेली असली तरी पंचांना बोलावून दाखवतील!

...

कोरिन, बस ना गं. कोरिन, मी गमतीनं—

गेली.

कोच, तुम्ही कुठे निघालात? सत्कार व्हायचाय अजून.

मागच्या रांगांना ऐकू आलं नसेल, म्हणून सांगते. कोच म्हणाल्या, "तू बोल. मला तिच्याकडे जायला हवं."

अध्यक्ष महाराज, एक विनंती. कृपया कुणी खिडकीकडे वळून बघू नका. त्या दोघी गाड्यांपाशी उभ्या आहेत. त्यांना तिथे राहू द्या.

चौघांना फोन करून बजावणारी मी, आणि पाचवी माती मीच खाल्ली. आता नाव निघालंच आहे, तर पूर्णच सांगते. कारण त्या चौघांनी अर्धंच सांगितलं, आणि आपण महिनाभर त्या अर्ध्यावरच टाळ्या वाजवतोय.

उपांत्य सामना. पाऊस. बरोबरी. शेवटच्या मिनिटाला कोरिन ब्रॅम्बलनं गोल मारला. आपण नाचायला लागलो आणि कोच पंचांकडे जाऊन म्हणाल्या, "माझ्या मुलीची स्टिक तपासा." चेंडू झोळीत ठेवून स्टिक डोळ्यांसमोर आडवी धरली, तर चेंडूची कड काठाच्या वर दिसायला हवी. दिसली नाही. झोळी खोल झाली होती. गोल रद्द. पुढचा गोल समोरच्यांचा. निवृत्त होणाऱ्या कोचची कारकीर्द तिथेच संपली. वर्तमानपत्रानं लिहिलं, 'प्रामाणिकपणाचा विजय'.

आता राहिलेलं अर्धं. ती स्टिक कोणाची? कोचची स्वतःची, कॉलेजात असतानाची. जिच्याकडे ती असते ती मुलगी कॉलेज सोडताना येणाऱ्यांतल्या सर्वांत चांगल्या खेळाडूच्या हातात ती देते, हा आपला रिवाज. इतर मुलींच्या जाळ्या नायलॉनच्या. हिच्या झोळीला चामड्याच्या वाद्या. आणि भिजलं की चामडं काय करतं? सांगा ना. या सभागृहात कित्येक जणी त्या स्टिकनं खेळल्या आहेत. सैल पडतं! सामन्याआधी, कोरड्या मैदानावर, पंचांनी तीच स्टिक तपासून बरोबर ठरवली होती. कोरिननं दोरी ओढली नाही, गाठ सोडली नाही. ती पावसात धावली, एवढंच तिनं केलं.

हे आपल्यातल्या कुणाला माहीत नव्हतं? आणि कुणी तोंड उघडलं? नाक्यावरच्या आइस्क्रीमच्या दुकानात कोरिनला बघून एक मुलगा ओरडला, "हिला मोठा कप द्या हो, हिची झोळी खोल असते!" आणि रांगेतले मोठे लोक, आपलेच लोक, हसले. आपण कोचना संत केलं आणि त्याची किंमत त्या पोरीकडून वसूल केली. एकीचा प्रामाणिकपणा मोठा दिसायचा तर दुसरी लबाड ठरायलाच हवी, हे आपल्या लक्षात आलं नाही असं मी म्हणणार नाही. आलं होतं. गोष्ट फार चांगली होती, म्हणून आपण ती सोडली नाही.

मी कोचना विचारलं होतं, "नियम पाळलात, मग वाईट का वाटतं?" त्या म्हणाल्या, "मला दिसलं, म्हणून मी सांगितलं. पुन्हा दिसलं तर पुन्हा सांगीन. पण नॅन, टाळ्या मला मिळाल्या आणि मान तिनं खाली घातली. असा कसा हिशेब?"

कोरिननं कळवलंय की ती शरद ऋतूत खेळायला परतणार नाही. कोचना निरोपाची भेट काय हवी असं विचारलं, तेव्हा त्यांनी घड्याळ मागितलं नाही, मैदानाला नाव मागितलं नाही. म्हणाल्या, "ती पोर परत आली पाहिजे." आणि ती भेट आत्ता, सगळ्यांच्या देखत, मी दाराबाहेर घालवली.

म्हणून अध्यक्ष महाराज, सन्मानचिन्ह तसंच टेबलावर राहू द्या. सत्कारमूर्ती कामावर आहेत. काम संपेपर्यंत आपण थांबू. स्वयंपाकघरातल्या मंडळींचे मनापासून आभार. तुमचे खेकड्याचे वडे गार होतायत, दोष आमचा. अध्यक्षांचे आणि आपणा सर्वांचे आभार.

वक्त्यानं शेवटी चूकभूल माफ करा म्हणायचं असतं. मी ते तुम्हाला म्हणणार नाही, कारण माफी तुमच्या हातात नाही. ती जिच्या हातात आहे तिच्याकडे मी आता जाते. ती म्हणाली 'निघून जा', तर निघून येईन. ती आत आली तर एवढंच करा. टाळ्या वाजवू नका. उठून उभे राहू नका. कुणीतरी आपल्या शेजारची खुर्ची ओढून तिला म्हणा, "ये, बस. जेवलीस का?"