यंदाचा वजीर

—नाही, ते वजिराचं पागोटं टेबलावर ठेवू नका विटोल्डकाका, तिथे पीठ सांडलंय—आणि ठेवलंत तरी मी ते डोक्यावर घालणार नाही, एकदा सांगितलं, दहादा सांगेन. बसा तुम्ही. हा पेरेकाचेव्हनिक खा, आमची पापुद्र्यांची भाजलेली गुंडाळी, मटणाची आहे, आजोबांना दवाखान्यात न्यायला केली होती, पण त्यांना म्हणे अजून सूपच चालतं. खा. भांडायचं तर पोटभर खाऊन भांडू.

तर तुमच्या उत्सव समितीचं म्हणणं काय—बेकिरआजोबांचा खुबा मोडला, तेव्हा रविवारच्या व्हिएन्नाच्या लढाईच्या खेळात तुर्कांचा वजीर मी, त्यांच्या नातीने, व्हावं. का? घोडे आमचे म्हणून? घोडे तर पोलंडच्या त्या तुमच्या सोबिएस्की राजाच्या बुडाखालीही आमचेच असतात! आणि पाठीला पंख बांधलेले ते राजाचे स्वार—अर्धे दातांचे डॉक्टर, अर्धे विमा एजंट—लगाम कुठल्या हातात धरायचा ते मी शिकवते त्यांना. मग त्यांच्यात मला का नाही घेत? काय? बाई? अहो, वजीर व्हायला बाई चालते आणि राजाच्या फौजेत चालत नाही? दाढी चिकटवून वजीर व्हायचं, तर तीच दाढी लावून राजाचा सरदार होते की!

बोला ना. 'तुम्हा लोकांना शोभतं', असंच म्हणायचंय ना? शोभतं! आम्ही मुसलमान, आम्ही तातार, म्हणून दरवर्षी हरायचं आम्हीच. आणि शाळेत काय शिकवलंत—तुम्हीच, इतिहासाच्या तासाला!—व्हिएन्नाला आमच्या पणजोबांचे पणजोबा राजाच्या बाजूने लढले. समोर तुर्कांकडेही तातार, तेच चेहरे, त्याच टोप्या, आपला कोण नि परका कोण कळेना, म्हणून राजाने हुकूम काढला—आपल्या तातारांनी टोपीत पेंढ्याची काडी खोवायची. काडी दिसली की आपला माणूस. हे गाव त्या काडीमुळे मिळालं आम्हाला काका, ती मशीदसुद्धा. आणि तुमच्या लढाईत ती काडी कुठाय? पंख शिवायला वर्षभर बायका बसवता, एक काडी मिळत नाही?

आजोबांना हे कितीदा म्हटलं. ते हसतात. "अगं एल्मिरा, लोकांना मजा येते, पोरं टाळ्या वाजवतात, मी छान पडतो." छान पडतात! अख्खं आयुष्य छान पडण्यात गेलं. ह्या पिढीला कुणी खाली बसा म्हटलं की चटईसुद्धा हे घरून घेऊन जातात. परवा तालमीत या वयात पुन्हा छान पडले, ते उठलेच नाहीत—आणि तुम्ही सगळे टाळ्या वाजवत होतात, तुम्हाला वाटलं नाटकच चाललंय! मी धावले. मग दवाखान्यात नर्सने ते पागोटं सोडायला घेतलं—हेच, हे तुमच्या हातातलं—वेढे सोडत गेली, सोडत गेली, आणि सगळ्यात आतल्या घडीत, कपाळाशी—काडी. पेंढ्याची. दाबून दाबून चपटी झालेली.

एवढी वर्षं! वर वजीर, आणि आत—अहो, बाहेर लावायची ना मग! आत कुणाला दिसणार? मी ओरडले त्यांच्यावर, खुबा मोडलेल्या माणसावर ओरडले, तर डोळे मिटून म्हणाले, "अल्लाला दिसते." मग मी... हे तुम्हाला सांगायचं नव्हतं मला. समितीत बोलू नका. शपथ घ्या—नको, शपथ नको, नुसतं बोलू नका.

असं बघू नका माझ्याकडे. खा म्हटलं होतं, सगळं गार झालं.

उठा आता. घोडे रविवारी वेळेवर येतील, सगळे. पागोटं परत न्या, वजीर तुम्ही व्हा—इतिहास येतोच तुम्हाला, पडायला मी शिकवते. मी माझ्या टोपीत येईन, काडी बाहेर, राजाच्या बाजूने. आणि तुमच्या त्या राजाने विचारलं ही कोण, तर सांगा—नाही, काही सांगू नका. दिसेल त्याला.

दार ओढून घ्या जाताना.