दर्यादौलतचा नवा पत्ता

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमचे मालक आदरणीय काशीराम सर, मोरा बंदराहून खास आलेले प्रमुख पाहुणे दिनानाथदादा आणि जनीताई, सत्कारमूर्ती हाजरा मॅडम, आणि समोशांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या पनवेलकर बंधू-भगिनींनो,

समोसे पळस्प्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेत. तेवढ्यात माझं बोलून होतं.

आपण होड्यांचे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर विकतो, आणि ते अडलं की फोन जातो हाजरा मॅडमना. गेल्या पावसाळ्यात दिनानाथदादांचा आला. जुनी होडी मोडीत निघालेली, नवीचा सांगाडा मोऱ्याला उभा, नारळी पौर्णिमा तोंडावर. आणि फळ्यांची मापं काढून देणारी कमांड चालेना! ही कमांड मूळ प्रोग्रॅममध्ये नसते, बाहेरून जोडलेल्या प्लग-इनमधून येते. मापं नाहीत तर मिस्त्री करवत कशावर चालवणार? आणि होडीच नाही तर दादांचं घर आणि त्यांचे खलाशी खाणार काय?

आपल्या ऑफिसात तीच फाइल, तीच कमांड झकास चालत होती. आम्ही हुशार मंडळींनी सल्ला दिला, प्रोग्रॅम काढा, पुन्हा टाका. दादांनी टाकला. कमांड ढिम्म!

मॅडम उठल्या आणि थेट मोऱ्याला गेल्या. मीही मागे मागे. तिथला कॉम्प्युटर शेडमध्ये एकटा, ना नेट, ना ऑफिसशी जोडणी. मॅडमनी आधी कशालाच हात लावला नाही. विचारलं, "कमांड शेवटची चालली, त्यानंतर इथे काय काय झालं?"

"काय नाय झाला गो," जनीताई म्हणाल्या, "होरीचा बारसा झाला फकस्त."

आता त्यांच्या घरची रीत अशी, की होडीला नाव मिळालं की बांधतानाचं नाव पुन्हा घ्यायचं नाही. 'नवी होरी' गेलं, 'दर्यादौलत' आलं. फळीवरचं पुसलं, तसं कॉम्प्युटरवरच्या फोल्डरचंही बदललं! प्लग-इन त्याच फोल्डरात. प्रोग्रॅम पुन्हा टाकला तरी सेटिंग जुनंच राहतं, म्हणून तो बिचारा जुन्याच नावाने हाका मारत बसलेला.

हसू नका हो, जनीताई समोर बसल्यात!

जुनं नाव परत टाकलं असतं तर काम तिथल्या तिथे झालं असतं. "ता नाय चालाचा," जनीताई ठाम. मी तर वाद घालायला तोंड उघडलंच होतं. पण मॅडम म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. नाव राहू दे. प्रोग्रॅमलाच नवा पत्ता सांगते." सेटिंगमधला पत्ता बदलला, प्रोग्रॅम बंद करून उघडला, आणि मापं धडाधड बाहेर! पौर्णिमेला दर्यादौलत पाण्यात उतरली. माझे डोळे भरून आले. खोटं कशाला बोलू?

त्याच शेडला लागून जनीताईंनी आता मॅडमना खोली दिलीय. तिथे त्या स्वतःचं मदत केंद्र उघडताहेत. आनंद आहे, पण वाईटही वाटतंय. काल मी म्हटलं, "तुमची खुर्ची तशीच ठेवतो." तर म्हणाल्या, "खुर्ची कुणाला तरी द्या. मला भेटायला मोऱ्याला या."

सरांनी माईक दिला, तुम्ही भुकेल्या पोटी ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्याच्या भरात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. आणि उद्या सवयीने मी त्या टेबलाकडे बघून "हाजरा मॅडम" म्हणून हाक मारली, तर वेड्यात काढू नका. मला नवा पत्ता सांगा.