हिरव्या पानाची डबी

नाही हो साहेब, 'आम्ही प्रिझर्व्हेटिव्ह घालतच नाही' हे काय उत्तर झालं? पाणी घालता ना? कोरफडीचा गर घालता, मध घालता, वर झाकण लावता — जंतूंची अगदी जावयासारखी बडदास्त! आणि मग माझ्याकडे येता, बाळांच्या क्रीमला 'सुरक्षित' म्हणून सही द्या. बसा. उभ्याउभ्या पचायचं नाही ते. हा तक्ता बघा. तुमच्या क्रीममध्ये आम्ही मुद्दाम जंतू सोडले — हो, मुद्दाम, चाचणी तशीच असते, नाक मुरडू नका. घरोघरी आया लंगोट बदलता बदलता त्याच बोटांनी डबीतलं क्रीम काढतात, ती बोटं काय सोवळ्यातली असतात? — तर सोडले. सातव्या दिवशी ते कमी व्हायला हवे होते. झाले? छे. चौदाव्या दिवशी वाढले. अठ्ठाविसाव्या दिवशी आमच्या मोजणाऱ्या बाईंनी हात टेकले.

काय म्हणालात? प्रिझर्व्हेटिव्ह म्हणजे विष? घ्या! मीठसुद्धा मूठभर खाल्लंत तर दवाखाना गाठाल. बाळाला दिवसाला किती क्रीम लागतं, त्यातलं कातडीतून आत किती जातं, बाळाचं वजन किती, हे मांडायचं, आणि प्राण्यांना ज्या मात्रेने काही झालं नाही, तिच्या निदान शंभर पट खाली राहायचं. लंगोटाखालची कातडी ओली, घासलेली, झाकलेली — तिथे आणखी जपून. काही प्रिझर्व्हेटिव्ह तर तिथे मीच खोडते. दहा वर्षं हेच करतेय. आणि तरी, आमची ठमी झाली — आठ महिन्यांची आहे — तर मीच पास केलेली प्रिझर्व्हेटिव्हवाली ट्यूब मला तिला लावता येईना. गणित माझं, सही माझी, आणि ट्यूब तशीच कपाटात! मग काय केलं? कुठलीही अडाणी बाई करते ते — नाही, अडाणी बाई नाही करणार, हे शिकलेल्यांचेच चाळे. गेले दुकानात आणि डबीवरच्या हिरव्या पानाला भुलले. 'शून्य रसायनं.' रसायनशास्त्र शिकलेय मी, साहेब! पाणी काय मग, आशीर्वाद आहे? सासूबाई म्हणाल्या, अगं, आंबूस वास येतोय याला. मी म्हटलं, आई, तो नैसर्गिक वास आहे. नैसर्गिक! पाचव्या दिवशी मांड्यांवर पिवळे फोड, एकशे तीन ताप, चार दिवस सलाईन — एवढासा हात, त्यात सुई. नर्सने विचारलं, काय लावत होतात? मी पिशवीतून डबी काढून तिच्यापुढे धरली —

असे काय बघताय? कुठली डबी म्हणजे?

तुमचीच. दुसऱ्या कुणाचं पान इतकं हिरवं असतं? कुठलीही सही नसताना गल्लीतल्या दुकानांत खपवत होतात ना? आता मोठ्या दुकानांनी कागद मागितला, तेव्हा आठवण झाली माझी.

बोट उचला फाइलमधल्या त्या ओळीवरून, दिसतंय मला. 'या उत्पादनाशी माझा वैयक्तिक संबंध नाही.' खाली माझी सही. हो, खोटी. तुमची फाइल समोर आली आणि वाटलं, सोडायची नाही ही. बरोब्बर सापडलं तुम्हाला! एवढं लक्ष क्रीममध्ये घातलं असतंत तर. आता काय म्हणणार, बाईंचा डूख आहे, फाइल शेजारच्या टेबलावरच्या साहेबांकडे द्या? जाऊ दे की. ते मऊ आहेत, सगळ्यांना ठाऊक आहे.

आणा तो कागद इकडे. 'नाही' खोडलं. 'आहे' लिहिलं. आणि खाली — वाचा हवं तर, अक्षर बरं आहे माझं — मुलीचं वय, डबीवरचा बॅच नंबर, दवाखान्यातले दिवस, आणि आधी खोटं लिहिलं हेही. दवाखान्याचे कागद उद्या जोडते. हे पान वाचून त्यांना सही द्यावीशी वाटली, तर खुशाल देऊ देत.

माझी नोकरी? तिची काळजी तुम्ही नका करू. तुम्ही ते नमुने उचला. सगळे. तो उघडलेलाही. आणि उठा आता.

उठा म्हटलं ना.