दुसरं रीळ

“‘आधी सुकवायचं, मगच वाजवायचं.’ माझा नवरा डेरेक शेवटपर्यंत हेच बजावत होता, कॉलिन.”

लीड्सच्या रुग्णालयात ॲग्नेस आपला नंबर यायची वाट पाहत बाकावर बसली होती. शेजारी दोन अनोळखी माणसांची हळू आवाजात जुंपली होती. बाईच्या मांडीवर टेपचं जुनं रीळ होतं, पुरुषाच्या पायाशी ते वाजवायचं यंत्र.

“अगं हिल्डा, डॉक्टर आईचं उद्याचं काही सांगत नाहीत. तिला गेलेल्या मुलाचं, माझ्या भावाचं, गाणं एकदा ऐकायचंय. लाव ना.”

“तुमच्या बँडचा तो कार्यक्रम फक्त डेरेकने टेप केला होता. टेप आता ओल धरून चिकट झालीये. तशीच लावली तर आवाज खरवडून निघेल.”

“तुम्ही टेपा जमवणारे सगळे सारखेच. देवघरात ठेवा त्या.”

“पहिलं रीळ तू नेलंस, ते कुठंय?”

“आहे घरी.”

“बोटं दाखव, कॉलिन.”

बोटं टेपवरून निघालेल्या तपकिरी भुकटीने माखली होती.

“सकाळी लावून पाहिलं. अर्धं गाणं वाजलं, मग नुसती खरखर.”

“बरं. माझ्याकडे सफरचंदं सुकवायचं यंत्र आहे. त्यात मंद उबेला दिवसभर ठेवलं की वाजेल. ऐकवीन असा डेरेकने तिला शब्द दिला होता.”

“आणि तोवर आई थांबली नाही तर?”

“तू उशाशी बस. भावाचं गाणं तू म्हण.”

“मी ड्रम वाजवायचो. मला गाता येत नाही.”

“तिला ठाऊक आहे ते.”

हिल्डाने रीळ मफलरमध्ये गुंडाळलं, कोटाच्या आत धरलं आणि ती बस गाठायला निघाली.