चौथं पान

(लेसोथोच्या डोंगरातली शाळा, मागचं अंगण. आत अकरा गावांच्या गायनस्पर्धेचा मेळा भरलाय. इथं त्लाली आपल्या गावच्या बायका-पुरुषांकडून सराव करून घेतोय आणि मेळा भरवणारी मापुलेंग ऐकतेय; इथं पुरुषाला मानानं ‘न्ताते’ आणि बाईला ‘म्मे’ म्हणतात.)

मापुलेंग : थांबा, न्ताते त्लाली. पुन्हा म्हणायला लावा. सगळं नको, फक्त शेवट.

त्लाली : चुकलं का काही, म्मे मापुलेंग? बायका सात तास चालून आल्यात, घसे जरा कोरडे आहेत.

मापुलेंग : घशांना काय धाड भरलीय! पण हे तुम्ही जे म्हणताय ना, ते गाण्यात नाहीच. पुरुष थांबतात काय, खालच्या आवाजाच्या बायका एकट्याच उतरत जातात काय... कुणी शिकवलं?

त्लाली : कुणी नाही. तुमच्या कागदात शेवट नव्हताच.

मापुलेंग : नव्हता कसा? अकरा गावांना मी माझ्या हातानं उतरवून दिलाय. सुरांचं डो-रे-मी, एकेक अक्षर. चार पानं.

त्लाली : आमच्या गावाला तीन आली. ही बघा. तिसरं मधेच थांबतं.

मापुलेंग : ...अगं बाई.

त्लाली : आम्हाला वाटलं, मुद्दामच सोडलंय. लग्नात नाही का, म्हातारी बाई गाणं अर्ध्यावर टाकते आणि बाकीच्यांनी उचलायचं?

मापुलेंग : अहो, निरोप तरी धाडायचा!

त्लाली : कुणाबरोबर? बर्फानं घाट बंद. घोडं उतरेना. मग माझी मावशी मामोतेना म्हणाली, गाणं असं उघडं टाकायचं नाही, गारठेल. ज्वारी दळता दळता बायकांनी रचलं. आज एक ओळ, उद्या ती मोडायची. हिवाळाभर तेच.

मापुलेंग : दळता दळता! आणि मी पेटी घेऊन बसते, तरी मला... पण नियम ठाऊक आहे ना? लिहिलंय तसं गायचं. नाहीतर गाव बाद.

त्लाली : ठाऊक आहे. तुम्हीच केलात.

मापुलेंग : मीच. शहरातले हसायचे, डोंगरातली माणसं मनाला येईल ते गातात म्हणून. ते लागलं होतं मला.

त्लाली : मग खरा शेवट आत्ता शिकवा. तासाभरात बसवू.

मापुलेंग : बसेल हो. पण खरा शेवट म्हणजे दार लावून घेतल्यासारखा आहे. तुमचा ऐकला आणि हे बघा, अजून काटा आहे हातावर.

त्लाली : काट्याला गुण नाहीत, म्मे. बाद झालो तर या बायकांना काय सांगू? मावशी जन्मात पहिल्यांदा घाट उतरलीय. नवी घोंगडी पांघरून.

लिम्फो : (आतून येत) सापडलात! आत तुमच्या नावानं शंख चाललाय आणि मेळ्याच्या मालकीणबाई इथं गप्पा छाटतायत?

मापुलेंग : बरं झालं आलात, म्मे लिम्फो. तुम्ही परीक्षक, तुमच्यापासून काय लपवू. यांचं शेवटचं पान माझ्याकडूनच राहिलं. यांनी पदरचा शेवट घातलाय. बाद करायचं तर मला करा.

लिम्फो : भिंतीपलीकडून ऐकला मी. दोनदा.

मापुलेंग : मग?

लिम्फो : मग काय? मला काय आवडलं याचे गुण मी देत नाही. समोर कागद असतो, त्याबरहुकूम गायलं की गुण.

त्लाली : म्हणजे आम्ही निघावं.

लिम्फो : न्ताते, एवढी घाई घोड्यालासुद्धा नसते. यांना दिलेला कागद अर्धवट आहे. तो पुरा कसा करायचा, हे मेळा भरवणाऱ्या बाईंनी ठरवावं. अजून तीन गावं गायची आहेत. तेवढ्यात माझ्या टेबलावर चौथं पान आलं पाहिजे.

त्लाली : पण मला नुसतं वाचता येतं. लिहायचं कुणी?

मापुलेंग : मी लिहीन. आणि आत उभी राहून सगळ्या गावांना सांगेन, चूक माझी, शेवट यांचा.

त्लाली : भांडतील.

मापुलेंग : आधी ऐकू देत. मग खुशाल भांडू देत. मावशींना बोलवा.

त्लाली : मावशी! ये इकडे. अगं, घोंगडी नंतर झटक!

मापुलेंग : या, म्मे मामोतेना. इथं बसा, माझ्याशेजारी. आणि हळू म्हणा हं. आता एक अक्षरही सुटायला नको.