नकाशावाचनाचे दोन क्रेडिट

आदरणीय अध्यक्ष प्राचार्याबाई, व्यासपीठावरचे पाहुणे, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती आपले सर, त्यांच्या शेजारी बसलेल्या काकू, खुर्ची मिळालेले सहकारी आणि न मिळाल्यामुळे मागे उभे असलेले विद्यार्थी,

ग्रंथालयातल्या बाईला भाषण करायला सांगितलं, याचं मलाच नवल वाटलं. माझा जन्म इतरांना "हळू बोला" सांगण्यात गेला. त्यामुळे आवाज मागे पोचत नसेल तर हात वर करा.

सरांचं काम काय होतं? कुणी कोणत्या सेमिस्टरला कोणते विषय घ्यायचे, किती क्रेडिट झाले, पदवीला किती उरले, हे पाहणं. "दोन जड, दोन हलके" हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि पोरांनी तेच त्यांचं नाव पाडलं. काकू, घरी भाजीच्या पिशव्याही ते अशाच वाटून घेतात का हो?

त्यांचा एक नियम होता. टेबलासमोर एका वेळी एकच विद्यार्थी. जोडीनं आलेल्या मैत्रिणींना ते परत पाठवत. म्हणत, "क्रेडिट ज्याचे त्याचे असतात." नियम मोडला तो आमच्यासाठी. मी आणि माझी बहीण, आम्ही जुळ्या. मी काही मिनिटांनी मोठी, म्हणून ती मला ताई म्हणायची. सरांनी स्वतः उठून दुसरी खुर्ची आणली होती.

जड विषय आम्ही आधी उरकले. शेवटच्या सेमिस्टरला एकच ठेवला, नकाशावाचन. तो हट्ट तिचा. रोजच्या वाटेवरही चुकणारी मुलगी ती. सरांना म्हणाली, "पदवी घेईपर्यंत घरचा रस्ता तरी कळू दे मला." सर हसले. त्या सेमिस्टरच्या आधीच्या सुट्टीत ती तापानं गेली.

मी नकाशावाचन घेतलं नाही. इथेच नोकरीला लागले, किती वर्ग आले नि गेले, माझी पदवी तिथेच अडून राहिली. का, म्हणाल? आम्ही दोघी एका विषयानं मागे होतो. मी तो पुरा केला असता तर ती एकटीच मागे राहिली असती. शहाण्या माणसाला हे पटायचं नाही. मला पटत होतं. अजूनही दुपारी, कपाटांमधल्या बोळात कुणी नसताना, मागून आवाज येतो, "ताई, डावीकडे की उजवीकडे?" मी उत्तर देते. सहकाऱ्यांना वाटतं, बाई पुस्तकांशी बोलतात. मी तसं वाटू देते.

दर नावनोंदणीला सर ग्रंथालयात यायचे. "यंदा?" मी म्हणायचे, "पुढच्या वेळी, सर." ते मान हलवायचे आणि जाऊन माझी मुदत वाढवून आणायचे. जुने क्रेडिट कायमचे टिकत नाहीत, हे मागे उभ्या असलेल्यांना ठाऊक असेलच. माझे टिकले ते सरांनी कचेरीत घातलेल्या वादांमुळे.

गेल्या महिन्यात मात्र ते आले आणि बसले. म्हणाले, "माझ्यानंतर कुणी मुदत वाढवणार नाही. यंदा नाही घेतलंस तर सगळंच गेलं."

मी म्हटलं, "जाऊ दे, सर. ती एकटी पडेल."

सरांनी खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाले, "अगं, तुझे क्रेडिट म्हणजे तरी काय? ती तुझ्या शेजारी बसली ते वर्ग. तेही पुसून टाकणार आहेस का?"

त्या दिवशी मी ग्रंथालयात सगळ्यांसमोर रडले, मोठ्यानं. मला गप्प करायला कुणी आलं नाही. मग जाऊन नाव नोंदवलं.

सोमवारी पहिला तास आहे. सरही येणार आहेत, आता वेळ रिकामाच आहे म्हणून. "तुझ्या शेजारी बसेन, सोबत होईल," म्हणाले.

सर, तुमचे उपकार फिटायचे नाहीत, आणि मला ते फेडायचेही नाहीत. मला इथे उभं करणाऱ्या संयोजकांचे मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सगळ्यांनी पोटात घालावं. आणि सर, एक उद्धटपणा करते, त्याचीही क्षमा असावी. सोमवारी तुम्ही मागच्या बाकावर बसा. माझ्या शेजारची जागा मला धरून ठेवायची आहे. तिला वाट सापडायला जरा वेळ लागतो.